रविवारी रात्री, क्रीडा पान

नवतपा लागला की कूलरचं पाणी दोनदा भरावं लागतं,
आणि रात्री अकराच्या पुढे गड्डीगोदामातून फोन येतो.
"झाला का जी निकाल?"

तिकडे अजून उजेड असतो.
ऑस्ट्रियात, जर्सी बेटावर, स्कॉटलंडच्या वाऱ्यात
पन्नाशी ओलांडलेली माणसं
शेवटचा चेंडू भोकात ढकलतात,
टोपी काढतात, टक्कल दिसतं, हात मिळवतात.
कुणाच्या गुडघ्यात स्टील, कुणाची बायपास.
यादीत ते येत नाही. यादीत फक्त
पारपेक्षा अकरा कमी, नऊ कमी, दोन जास्त.

एजन्सीच्या तारेवर ही बातमी सगळ्यांत शेवटी येते,
क्रिकेटच्या खाली, कबड्डीच्याही खाली,
आमच्या पानावर तर येतच नाही.
तिथे बोअरवेलची जाहिरात असते.
मी उपसंपादक, निवृत्तीला चौदा महिने,
जे छापत नाही ते एका माणसाला वाचून दाखवतो.

मे महिन्यात साल्झबुर्गचा एक ओबरलाखनर.
जूनमध्ये कुणी स्वीडिश; नाव मी तीनदा वाचलं,
तिन्ही वेळा वेगळं निघालं.
बार्सिलोनाजवळ, बरोबरीनंतरच्या चौथ्या भोकाला,
एक डेन्मार्कचा, पूर्वी पोस्टमन होता म्हणे.
दयाराम कुंभारे जिंकणाऱ्यांपाशी थांबत नाहीत.
"खाली जा जी. आणखी खाली.
गुलीम कितवा हाय?"

ग्विलिम पॅरी, वेल्स.
एकेचाळिसावा, आणखी चौघांसोबत.

"बरं. म्हणजे पाठ दुखत नसन आता."

चौतीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर.
बावीस वर्षांचा तो पोरगा नागपुरात खेळायला आला होता.
तेव्हा इथे ग्रीन नव्हतं, ब्राऊन होतं:
तेल पाजलेली वाळू, पट्टीनं सारखी केलेली.
बॅग दयारामच्या खांद्यावर.
शेवटचं भोक, आणि पोरगा एका फटक्यानं पुढे.
"त्यानं इचारलं, कोणती? म्या सात नंबर देल्ली.
वारा मांगून होता. आठ पायजे होती.
चेंडू ब्राऊनच्या डोक्यावरून थेट नाल्यात.
तो काई बोलला नाही जी.
हातमोजा काढून माया हातात ठेवला अन् गेला.
बोलला असता तं बरं झालं असतं."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
लाइट गेली होती त्या रात्री, दोन्हीकडची.

मग पोळ्याच्या आदल्या रविवारी
खाली जावं लागलं नाही.
पहिल्याच ओळीत.
मीच फोन लावला. पलीकडे
नातवाच्या लाकडी बैलाला चाकं ठोकणं चाललं होतं.
"जिंकला," मी म्हटलं. "एका फटक्यानं."

हातोडी थांबली.
मला वाटलं, रडतील. किंवा 'वा बापा' म्हणतील.

"शेवटच्या भोकाले कोणती काठी घेतली त्यानं?"

बातमीत बक्षिसाची रक्कम होती, युरोमध्ये.
पावसानं दोन तास गेले, तेही होतं.
मैदानाच्या कडेला उभी असलेली बायको होती.
काठी नव्हती.
"आठ असेल," मी म्हटलं.
"असन नाही जी. पेपरवाले ना तुम्ही?
होय का नाही, ते सांगा."

बत्तीस वर्षं मी निकाल लावतो आहे पानावर.
इतक्या बारीक जागी कुणी मला पकडलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.
"मंग ठीक. मलेही का माहीत, तिकडं वारा कसा होता."
फोन त्यांनी ठेवला नाही, बाजूला टाकला असावा.
हातोडी पुन्हा सुरू झाली,
एक चाक, मग बराच वेळ दुसरं चाक.
मी ऐकत बसलो.

त्या रात्री बोअरवेलवाल्याचं पत्र आलं नव्हतं.
तळाशी चार ओळींची जागा रिकामी.
नाव, देश, आकडा यांत तीन भरल्या.
चौथी दोनदा खोडली,
मग तशीच जाऊ दिली छपाईला:
नागपुरात पूर्वी एकदा उपविजेता.